पाहुण्यांची रांग

नदी गावाकडे सरकते आहे हे सगळ्यांत आधी जाळीवालीला कळलं. त्याला काही मोठं डोकं लागलं नाही. जाळी वाळत घालायची तिची जागाच कमी पडायला लागली. काठावर तिने खांब रोवले होते, त्यातला पाण्याकडचा खांब एका सकाळी दिसेना. तिला वाटलं, कुणीतरी सरपणाला उपटून नेला. तिने नवा रोवला आणि शेजारपाजारच्या चुलींकडे संशयाने बघत राहिली. मग तोही गेला. या वेळी मात्र त्याच्याबरोबर खालची मातीही गेली होती.

"नदीला तुझे खांब आवडलेले दिसतात," तिचा नवरा म्हणाला. तो नावाडी होता. माणसं, पोती, कधी एखादी शेळी पलीकडे पोचवणं हे त्याचं काम, आणि नदीला कुणी नावं ठेवली की विषय थट्टेवारी नेणं ही त्याची सवय.

"तुमची तिच्याशी एवढी ओळख आहे ना, मग परत मागा की," असं म्हणून ती तणतणत काठाने खालच्या अंगाला निघाली. खांब कुठे अडकलाय का ते बघावं, एवढाच तिचा विचार. गावाची दफनभूमी जिथे सुरू होते तिथे ती थबकली. काठ सुरीने कापावा तसा उभा ढासळला होता. ताज्या, ओल्या मातीतून एका लाकडी पेटीचा कोपरा बाहेर आला होता, आणि खाली पाणी त्या मातीचे लचके तोडत होतं. सावकाश, घाई नसल्यासारखं.

ती तशीच मागे फिरली ती थेट गावप्रमुखाच्या दारात.

गावाच्या जन्माची गोष्ट तिथली पोरं नीट चालायला लागायच्या आधी ऐकतात. फार पूर्वी वरच्या अंगाला कुठेतरी पुरात घरंदारं गेलेली काही कुटुंबं तराफ्यांवर संसार बांधून खाली येत होती. कुठे थांबायचं यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. एक म्हणे इथे बरं, दुसरा म्हणे अजून पुढे बघू. या वळणावर लव्हाळ्यात त्यांना एक प्रेत अडकलेलं दिसलं. ते त्यांच्यातलं नव्हतं. पण बायका म्हणाल्या, असं उघड्यावर टाकून कसं जायचं? म्हणून तराफे काठाला लावले, खड्डा खणला, त्या परक्या माणसाला मूठमाती दिली. तोवर अंधारलं, म्हणून मुक्काम केला. सकाळी उजेडात पाहिलं तर जमीन चांगली निघाली. भांडणाचं कारणच उरलं नाही. म्हणजे या गावात पहिलं घर उभं राहायच्या आधी पहिलं थडगं झालं, आणि तेही परक्याचं.

तेव्हापासून नदीने जे आणलं ते गावाने पुरलं. वरच्या गावांतून वाहत आलेली माणसं, बुडालेले, बुडवलेले, कुणी जीव दिलेले. कोण, कुठलं, काही कळायचं नाही. पाण्याच्या बाजूला त्यांची एक लांब रांग झाली होती. घरोघरच्या थडग्यांवर नावं होती, कठडे होते. या रांगेत प्रत्येकाच्या उशाशी नदीतलाच एक चपटा दगड. लोक तिला पाहुण्यांची रांग म्हणायचे.

या रांगेची झाडलोट जाळीवालीची आई करायची. आधी नव्हती करत. जाळीवालीच्या पाठचा भाऊ, घरात त्याला सगळे धाकटाच म्हणत, मिसरूड फुटायच्या वयात वरच्या जंगलात लाकडाच्या कामावर गेला. तिथे ओंडक्यांचे मोठाले ताफे बांधून नदीत सोडायचे आणि त्यांच्यावर उभं राहून ते खालच्या बंदरापर्यंत न्यायचे. अशाच एका ताफ्यावरून तो गावासमोरून गेला होता. आई काठावरून हाका मारत धावली होती, त्याने डोक्यावरची टोपी काढून हवेत फिरवली होती. पुढे दोन वळणं खाली, खडकांच्या जागी, रात्रीतून पाणी चढलं आणि ताफा फुटला. ही बातमी घेऊन आलेला मुकादम दारातच उभा राहून बोलला, घोटभर पाणीसुद्धा प्यायला नाही. माणसं सापडली नव्हती, धाकटाही नाही.

वडील त्या धक्क्यातून उठले नाहीत. आई उठली, आणि झाडू घेऊन पाहुण्यांच्या रांगेत गेली. तिचा हिशेब साधा होता. "आपण यांचं करतो ना," ती म्हणायची, "तसं खाली कुणीतरी माझ्या धाकट्याचं केलं असेल. कुणीतरी बाई असेलच की तिथेही." त्यानंतर नदीने एखादं प्रेत आणलं की पहिली हाक आईला जायची. धुणं, जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळणं, उशाशी दगड लावणं, सगळं ती करायची.

जाळीवालीला याचा राग होता. तो तिने कधी बोलून दाखवला नाही, पण गिळूनही टाकला नाही. तिच्या पहिल्या बाळंतपणात कळा सुरू झाल्या त्याच सकाळी नदीत एका बाईचं प्रेत आलं होतं. आई आधी तिकडे गेली. मुलगी झाली, रडली, दूध प्यायली, झोपली, आणि मग संध्याकाळी आई दारात आली, पायांना चिखल, हात भिजून सुरकुतलेले. "बघू गं माझी नात," म्हणून तिने हात पुढे केले, तर जाळीवालीने मूल छातीशी घट्ट धरलं. "आधी अंघोळ करून ये," म्हणाली. आई विहिरीकडे वळली. त्यात चुकीचं काही नव्हतं, कुणीही हेच म्हणालं असतं. पण ज्या आवाजात ते म्हटलं गेलं तो आवाज दोघींनाही कळला होता.

आता आईलाही जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती वडिलांच्या शेजारी, घरच्या जागेत होती. रांगेत गवत माजलं होतं.

काठावरची पेटी बघून आल्यावर प्रमुखाने गाव गोळा केलं. प्रमुख वयस्क माणूस, तोलून मापून बोलणारा. गिरणीमागची उंचावरची पडीक जमीन त्याने आधीच बघून ठेवली होती. ती लहान होती आणि दगडाळ होती, पण पाण्याच्या वर होती. पावसाळा तोंडावर आलेला. त्याच्या आत जेवढं हलवता येईल तेवढं हलवायचं. प्रत्येक घराला तिथे एक वाफा आखून मिळेल, ज्याने त्याने आपापली माणसं न्यायची.

"आणि पाहुणे?" मागून कुणीतरी विचारलं.

प्रमुखाने खाली बघत उत्तर दिलं. "जागा आपल्यालाच पुरत नाही. हातही पुरत नाहीत, अर्धी तरणी माणसं कामाला बाहेरगावी. मला सांगायला बरं वाटतं असं नाही. पण ते नदीनेच आणलेले. नदीनेच नेले, असं समजायचं."

काहींनी जाळीवालीकडे पाहिलं, आईमुळे. ती उठून म्हणाली, "काका म्हणतात ते बरोबर आहे. आधी आपली माणसं." आणि लगेच खाली बसली. बोलून झाल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

घरी येताना नावाडी गप्प होता. तो गप्प असला की समजायचं, त्याला काहीतरी बोलायचं आहे. "काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. तुझी आई असती तर त्या प्रमुखाचे केस उरले असते का, तेवढा विचार करत होतो."

"आई नाहीये," ती म्हणाली.

आई-वडिलांना हलवायच्या दिवशी जाळीवालीची मुलगी तिच्या सासरहून आली. खणायला गवंडी होता. गावातल्या भिंती आणि गावातले खड्डे, दोन्ही कामं त्याचीच. भिंत चुकली तर शिव्या बसतात, खड्ड्याबद्दल अजून एकानेही तक्रार केलेली नाही, असं तो म्हणायचा. त्या दिवशी मात्र तो ते म्हणाला नाही. माती बाजूला झाली, पेटीच्या फळ्या कुजून मऊ झाल्या होत्या, हाताला लागताच तुटत होत्या. आईचं जे उरलं होतं ते जाळीवालीने स्वतःच्या हातांनी उचलून स्वच्छ चादरीत ठेवलं. केसांची जुनी शिंगाची फणी तेवढी जशीच्या तशी होती. तिच्या मनगटाची हाडं इतकी बारीक होती की जाळीवालीला वाटलं, या हातांनी ती एवढी माणसं कशी उचलत असेल?

चादरीची गाठ मारून झाल्यावर गवंडी कपाळ पुसत म्हणाला, "तुझ्या आईने मला एकदा विचारलं होतं. खालच्या गावात असं करतात का म्हणून. पाहुण्यांचं."

"मग?"

"मी म्हटलं, करत असतील. मला काय माहीत? मी कधी गेलोय खाली? ती म्हणाली, मी पण नाही गेले."

"का नाही गेली?" हे मुलीने विचारलं. "एवढी वर्षं होती की हातात. बाबांची नाव होती."

गवंड्याने खांदे उडवले. जाळीवाली उत्तर द्यायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्यालाही हे कधी सुचलं नव्हतं. एवढा विश्वास होता आईचा, की खाली कुणीतरी बाई असेलच. मग ती जाऊन त्या बाईचे पाय धरून का आली नाही? आणि मग हळूहळू तिला कळलं. आई घाबरत होती. ज्या गोष्टीवर ती उभी होती तिला हात लावून बघायची तिची हिंमत नव्हती.

त्या रात्री जाळीवालीला झोप लागली नाही. सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "नाव काढा. खाली जाऊ."

"आत्ता? सगळं गाव खणतंय आणि आपण सहलीला?"

"धाकट्याचं थडगं असेल तर बघून येऊ. असेल तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. असेल तर पाहुण्यांचं देणं आपल्यावर आहे, असं तिला म्हणायचं होतं. नावाड्याने दोर सोडला.

खडकांची वळणं ओलांडल्यावर नदी रुंद होते आणि आळसावते. तिथे उजव्या काठाला एक गाव होतं, कोळ्यांचं. दिवस कलता कलता ते तिथे पोचले. काठाजवळच्या घराच्या पडवीत एक म्हातारी मासे साफ करत बसली होती. तिची सुरी झिजून पात्यापेक्षा मूठ मोठी झाली होती. पोराटोरांनी तिच्याकडेच बोट दाखवलं होतं: जुनं काही विचारायचं तर आजीला विचारा.

"बसा की," म्हातारी म्हणाली. "माशांना वास असतो, पण पडवीला सावली आहे." जाळीवाली खांबाला टेकून बसली. म्हातारीने नातसुनेला हाक मारून पाणी मागवलं, दोघांचं गाव विचारलं, नदीला पाणी कसं आहे विचारलं. मग जाळीवालीने विषय काढला.

"मावशी, वरून प्रेतं वाहून येतात, त्यांचं इथे काय करतात?"

"आता नाही येत फारशी. पूर्वी यायची."

"तेव्हा काय करायचे? कुठे पुरायचे?"

"पुरायचे?" म्हातारीने मान वर केली. तिला प्रश्नच नवा होता. "नाही गं बाई. ढकलायचे. बांबूने. मधल्या धारेला लावलं की जातं पुढे. पुढे समुद्र आहे."

म्हातारीच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, लाजही नव्हती. मासा चिरत चिरतच ती सांगत होती. "माझ्या सासऱ्याच्या भावाने एकदा एक प्रेत काढलं होतं वर. चांगल्या मनाने. तर वर्दीवाले आले आणि त्यालाच धरून घेऊन गेले, तूच मारलंस म्हणून. परत आला तेव्हा त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं. शेवटपर्यंत काठी घेऊन चालला. त्यानंतर कुणी हात लावला नाही. माझं माहेरही इथलंच; लहान असताना आम्हाला सांगून ठेवलं होतं, बघायचं नाही, तोंड फिरवायचं आणि मोठ्यांना हाक मारायची."

नावाड्याने हळूच विचारलं, "लाकडांचा एक ताफा फुटला होता वर. खडकांपाशी. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं! माझ्या थोरल्याचं नवीन लग्न झालं होतं. सकाळी उठून बघतो तर नदी लाकडांनी भरलेली. पाणी दिसत नव्हतं. सगळं गाव उतरलं दोर घेऊन. अख्खा दिवस आम्ही ओंडके ओढत होतो." म्हातारीने सुरीच्या टोकाने वर आढ्याकडे दाखवलं. "हे घर त्यातलंच. या रांगेतली सगळी घरं त्यातलीच. अजून कीड नाही लागली. तू टेकलीयेस ना, तो खांबसुद्धा."

जाळीवालीची पाठ ताठ झाली. तरी तिने विचारलं. विचारल्याशिवाय तिला उठता आलं नसतं. "आणि माणसं?"

"होती त्यात माणसं. लाकडांच्या मध्ये मध्ये." म्हातारीचा हात आता थांबला. तिने समोरच्या बाईकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "लाकडं ठेवली. माणसं सोडली." आणि मग, फार उशिरा, तिला समजलं. "तुझं कोण होतं गं?"

"भाऊ. पाठचा."

म्हातारीने सुरी खाली ठेवली, हात पदराला पुसले, पण पुसून करायचं काय ते तिला कळेना. तिने पाण्याचा तांब्या जाळीवालीकडे सरकवला. जाळीवालीने तो घेतला, प्यायली. तहान तर लागलीच होती. मग ती उठली. उठताना आधाराला हात त्याच खांबाला लागला. लाकूड गुळगुळीत होतं, वर्षानुवर्षं टेकलेल्या पाठींनी तेलकट झालेलं. तिने हात लगेच काढला नाही.

"राहा की रात्रीचे," म्हातारी म्हणाली. "अंधारात वर कसे जाल?"

"नावेत झोपू," नावाडी म्हणाला.

परतीची वाट उलट्या पाण्याची. नावाडी वल्ही मारत होता आणि ती समोर बसून त्याच्या खांद्यांवरून मागे जाणारी नदी बघत होती. तिने रडावं म्हणून तो वाट बघत होता. ती रडली नाही. खडकांच्या जागी पाणी खळाळत होतं तिथे त्याने जीव खाऊन नाव काढली आणि श्वास लागला म्हणून एका डोहात थांबवली.

"बरं झालं आई आली नाही," तो म्हणाला.

"हो."

"आता गावाला काय सांगणार?"

"रांग हलवायची, असं सांगणार."

त्याने वल्ही आडवी ठेवली. "मला वाटलं, आता तर तू..." तो अडखळला. "आईसाठी करतेस?"

"नाही. आईचं खोटं ठरलं. तिला वाटत होतं, आपण केलं की कुणीतरी आपलं करतं. कुणी केलं नाही. कुणाचं देणं नाही आपल्यावर, काही नाही." ती पाण्याकडे बघत बोलत होती. "पण मी आता त्या बांबूचा विचार करतेय. टोक कुठे लागलं असेल त्याला? खांद्याला? पोटाला? आपण ते पाहुणे तिथेच ठेवले आणि काठ गेला, तर तोही बांबूच झाला. नुसता आपल्या हातात दिसणार नाही एवढंच."

नावाड्याने काही थट्टा केली नाही. त्याने पुन्हा वल्ही उचलली.

प्रमुख तिचं ऐकून घेत होता तेव्हा दारात उभा होता, मातीने माखलेला. तोही आपल्या आजोबांना हलवून नुकताच आला होता. खाली काय कळलं ते तिने त्याला सांगितलं नाही. रांग हलवते, एवढंच सांगितलं.

"पोरी, जागा कुठाय?"

"आमच्या वाफ्यात. आईजवळ, बाबांजवळ, जिथे मावतील तिथे."

"तुझ्या वाफ्यात सगळे मावणार नाहीत. आणि उद्या तुला स्वतःला जागा लागेल."

"काका, तेव्हा मी भांडायला येणार नाही."

प्रमुखाच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "मी कुणाला सांगणार नाही तुला मदत करायला. अडवणारही नाही कुणाला." एवढं बोलून तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी ती आणि नावाडी फावडी घेऊन रांगेत उभे राहिले. मुलगी गेली नव्हती, तीही आली. मागून गवंडी आला. "माझं फावडं सोडून दुसऱ्या कुणाच्या फावड्याने खणाल तर खड्डे वाकडे होतील," म्हणाला. "कुठून सुरू करायचं?"

जाळीवाली न अडखळता एका दगडापाशी गेली. गवतात तो दिसतही नव्हता, पण तिला जागा पक्की माहीत होती; रागाने लक्षात ठेवलेली गोष्ट माणूस विसरत नाही. "इथून. ही बाई आहे. हिच्या जन्माच्या दिवशी आली होती," तिने मुलीकडे मान वळवून सांगितलं. मुलीने हे कधी ऐकलं नव्हतं. ती आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि दोघी मिळून हातांनी माती काढायला लागल्या. शिडाचं कापड माती होऊन गेलं होतं, पण त्याची शिवण अजून होती, लहान लहान, जवळ जवळ टाके. आजीचे टाके. मुलीने ते ओळखले, कारण तिच्या लहानपणच्या कपड्यांना तसेच असायचे. जाळीवालीने तो शिवणीचा तुकडा हातात घेतला आणि तेव्हा ती रडली. हुंदके देऊन, तोंड उघडं टाकून, मातीच्या हातांनी. मुलीने तिला थांबवलं नाही. गवंडी जरा लांब जाऊन फावड्याची धार बघत राहिला.

पहिले काही दिवस ते चौघेच होते. मग गिरणीवाल्याची बायको टोपल्या घेऊन आली, आणि येताना म्हणाली, आमच्या वाफ्यात कोपरा रिकामा आहे, दोघं-तिघं सहज राहतील. मग सुताराने फळ्या दिल्या. जे आले त्यांनी आपापल्या माणसांच्या मध्ये कुठे कुठे पाहुण्यांना सरकवून घेतलं, घरात अचानक वऱ्हाड आल्यावर अंथरुणं सरकवतात तसं. सगळे नाही आले. काही घरांनी दारं लावून घेतली, त्यांच्यावरही कुणी रागावलं नाही. आणि सगळे पाहुणे हलवूनही झाले नाहीत. पाण्याकडच्या टोकाची काही थडगी त्यांच्या डोळ्यांसमोर गेली. काठाला आधी बारीक भेग पडायची, केसाएवढी, मग गवत वाकायचं, आणि मग सगळं एकदम, फारसा आवाज न करता खाली बसायचं. एकदा जाळीवाली तशाच एका भेगेच्या पलीकडे हात घालायला निघाली तेव्हा नावाड्याने तिला कमरेला धरून मागे खेचलं. "एवढे पुरे," तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्यावर ओरडला होता.

सर्वांत जुनं थडगं, गावाच्या आधीचं, ते मिळालं की नाही हे कुणालाच नक्की सांगता आलं नाही. कोणता दगड पहिला, यावर म्हाताऱ्यांचे वाद झाले. जाळीवाली म्हणाली, सगळ्यांशी सारखंच वागायचं आहे तर वाद कशाला?

मुलगी सासरी जायला निघाली त्या दिवशी जाळीवालीने तिला खालच्या गावातलं सगळं सांगितलं. घरं, खांब, बांबू, काही लपवलं नाही. मुलीने हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

"आजीला हे कळलं असतं तर तिने पाहुण्यांचं करणं सोडलं असतं?"

"माहीत नाही," जाळीवाली म्हणाली. खोटं सांगणं सोपं होतं, आणि मुलीला तेच ऐकायचं होतं. पण तिला खरंच माहीत नव्हतं.

त्या पावसाळ्यात नदीने जुनी दफनभूमी पूर्ण घेतली. जाळीवालीचे खांब आता घराच्या भिंतीला लागून होते, आणि जाळी अंगणात वाळायची. येणाजाणाऱ्याला वाकून यावं लागायचं. नावाडी म्हणायचा, बरं झालं, निदान माझ्या घरात शिरताना लोक मान तरी झुकवतात.

पूर ओसरत असताना एका सकाळी गिरणीवाल्याची बायको धावत आली. लव्हाळ्यात कुणीतरी अडकलं होतं. जाळीवालीने जुनं शिडाचं कापड आणि सुई-दोरा घेतला आणि निघाली. ती पोचली तेव्हा प्रेत पाण्याबाहेर काढून झालं होतं. प्रमुख कमरेपर्यंत भिजला होता, त्याच्या धापा अजून थांबल्या नव्हत्या, आणि त्याच्याबरोबर गवंडी होता. फळीवर एक माणूस होता, ना म्हातारा ना तरुण, डोळे मिटलेले.

तिने वाकून त्याचे केस कपाळावरून मागे घेतले. पाणी मागितलं, कुणीतरी घागर आणली. तिने त्याला धुतलं, आई धुवायची तसं, चेहऱ्यापासून सुरुवात करून. कापड शिवून होईपर्यंत सूर्य वर आला.

"न्यायचं कुठे?" गवंड्याने फावडं उचलत विचारलं. आता रांग नव्हती, आणि जाळीवालीच्या वाफ्यात बोटभरही जागा उरली नव्हती. तिने मान वर करून गिरणीवाल्याच्या बायकोकडे पाहिलं.

"आमच्यात आणा," प्रमुख म्हणाला. तो अजून थंडीने कापत होता. "आजोबांच्या डाव्या हाताला." आणि फळीची पुढची दोन टोकं धरायला तोच खाली वाकला.